सहाव्या लेव्हलची चाल

हिम्मतराव उदगीरकर मुळात खोटं बोलणारा माणूस नव्हे. सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं काढूनही आजारपणाच्या रजेचा अर्ज लिहिताना 'ताप' हा शब्द लिहायच्या आधी जो स्वतःच्या कपाळाला हात लावून बघतो, तो कसला खोटं बोलणार? पण माणूस एकदा का संगीताच्या नादी लागला, की त्याची हमी त्याची बायकोसुद्धा देत नाही.

झालं असं, की मलकपेठच्या आमच्या महाराष्ट्र स्नेहमंडळाचा वर्धापनदिन जवळ आला होता. वर्धापनदिन म्हणजे नाटक, आणि नाटक म्हणजे ऐतिहासिक. मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव, निवृत्त वकील, हेच नाटक लिहीत, बसवीत आणि त्यात राजाही तेच होत. पार्श्वसंगीत मात्र सतरा वर्षं हिम्मतरावांच्या पेटीचं. राजा आला की भूप, राजा गेला की भैरवी, आणि मध्ये विनोदी प्रवेश असला तर दोन्ही जोरात. कोणाची काही तक्रार नव्हती. निदान हिम्मतरावांच्या कानावर आलेली नव्हती.

ती त्या वर्षी आली. विवेक नावाचा तरुण चिटणीस नारायणगुड्याच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. तो बैठकीत म्हणाला, "काका, आता जमाना ओपन झालाय. बाजारात काय पाहिजे ते मिळतं. सिकंदराबादच्या ऑर्केस्ट्रातला सिंथेसायझरवाला आणू. एका माणसात चाळीस वाद्यं!"

हिम्मतरावांच्या ते काळजालाच लागलं. तेही एक माणूसच होते, पण त्यांच्यात वाद्य एकच होतं, आणि त्याच्याही भात्याला उंदराने भोक पाडलेलं. भर बैठकीत ते उठून उभे राहिले. "पंधरा दिवसांत नवं संगीत ऐकवतो. पसंत नाही पडलं, तर पेटी कायमची माळ्यावर. पुन्हा या मंडळात सूर लावणार नाही."

रागाच्या भरात माणूस पंधरा दिवस म्हणून जातो, पण ते सोमवारपासून सुरू होतात हे त्याच्या लक्षात येत नाही. दहा दिवस गेले आणि नवीन म्हणून जे जे सुचलं ते ते जुनंच निघालं. एक चाल फारच अप्रतिम जमली असं वाटून त्यांनी ती प्रमिलाबाईंना ऐकवली. "छान आहे," त्या म्हणाल्या, "आपल्या लग्नात बँडवाले हीच वाजवत होते."

अकराव्या दिवशी कचेरी दुपारीच सुटली. कोणीतरी माजी मंत्री वारले होते. हिम्मतराव मंत्रिमहोदयांच्या आत्म्याला शांती चिंतीत अंबरपेठेच्या घराचा जिना चढले आणि दाराशीच थबकले. आतून एक चाल येत होती. संथ, भारदस्त, थोडी उदास. खाली खर्जात काहीतरी पावलं टाकीत होतं, मध्ये एक सूर हळूच वळसे घेत होता आणि वर सनईसारखं काहीतरी रडत होतं, पण घरंदाजपणे. दरबार! डोळ्यांपुढे दरबार उभा राहिला!

त्यांनी दार ढकललं. आत टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून प्रमिलाबाई बसल्या होत्या, आणि त्यांच्या हातात राहुलच्या व्हिडिओ गेमचं यंत्र होतं.

राहुल हा त्यांचा एकुलता एक मुलगा जूनमध्ये इंजिनिअरिंगला वरंगळला गेला होता. जाताना पुस्तकं घेऊन गेला आणि हा गेम ठेवून गेला. उलटं झालं नाही याचं हिम्मतरावांना समाधान होतं. पण रोज दुपारी घरात काय चालतं याची त्यांना गंधवार्ता नव्हती.

प्रमिलाबाई चोरी पकडल्यासारख्या लाल झाल्या. "अहो, दुपारचं घर खायला उठतं. तो बसायचा तिथं बसलं की जरा बरं वाटतं."

याच्यावर नवऱ्याने काहीतरी बोलायला हवं होतं. निदान शेजारी टेकायला तरी हवं होतं. पण हिम्मतरावांचा जीव कानात गोळा झाला होता. ते म्हणाले, "हा किरवाणी राग आहे!"

"हा सहावा लेव्हल आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "राजवाड्याचा. राहुल चौथ्याच्या पुढं कधी गेला नाही. मी मागच्या महिन्यात सहावा गाठला." हे सांगताना त्यांच्या आवाजात जो अभिमान होता, तो हिम्मतरावांनी पुरणपोळीच्या बाबतीतसुद्धा कधी ऐकला नव्हता.

गेम साधाच. मुंडासं बांधलेला एक बुटका शिपाई उड्या मारत पुढं पुढं जातो, वाटेत मगरी, भाले, पडणारे दगड. पण एक अडचण होती. शिपायाने उडी मारली, की त्या 'टुंग' आवाजापुरता वरचा सूर गायब व्हायचा, सनईवाला मध्येच तंबाखू मळायला थांबावा तसा. हिम्मतराव दर उडीला कळवळत होते.

"उडी मारली नाही तर सूर जात नाही," प्रमिलाबाईंनी सांगितलं. "राजवाड्यात जिन्याखाली एक कोपरा आहे. तिथं कोणी मारायला येत नाही. वेळ संपेपर्यंत तीन मिनिटं उभं राहता येतं. मी कधी कधी तिथं नुसतीच उभी राहते. चाल ऐकत."

हिम्मतरावांनी आधी चाल पेटीवर काढून बघितली. पण तीन सूर तीन वाटांनी चाललेले, आणि हात दोनच, त्यातला एक भात्यावर. तेव्हा ठरलं, की चाल आहे तशी गेममधून काढायची आणि कॅसेटवर घ्यायची.

आता सांगायला हे एक वाक्य आहे. करायला पाच दिवस लागले.

त्यांच्या टीव्हीला कानात घालायच्या वायरीचं भोकच नव्हतं. खालच्या मजल्यावरचे गोविंदराव वीज खात्यात होते, आणि विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूबद्दल सल्ला देणं हा ते नोकरीचाच भाग समजत. ते आपला टेपरेकॉर्डर घेऊन आले. टीव्हीच्या तोंडाला टेपरेकॉर्डरचं तोंड लावलं आणि दोन्हींवर मिळून रजई टाकली. "बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही. स्टुडिओत हेच असतं, फक्त रजई महाग असते."

"पण मला दिसणार कसं?" प्रमिलाबाईंनी विचारलं. हा मुद्दा गोविंदरावांच्या लक्षात आला नव्हता. मग रजईला एका बाजूने खिडकी ठेवली आणि प्रमिलाबाई डोकं आत घालून बसल्या.

सहाव्या लेव्हलपर्यंत पोचायला पाऊण तास लागायचा, आणि चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला शिपाई जिन्याखाली उभा राहिला, चाल सुरू झाली, आणि त्यांच्याच कुकरने शिट्टी दिली. दुसऱ्या खेपेला कुकर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. घामाच्या धारांत दोन मिनिटं निर्वेध गेली आणि रस्त्यावरून आवाज आला, "आलू-प्याऽऽज!" नंतर ऐकलं तर तो बरोबर समेवर होता. हिम्मतराव क्षणभर मोहात पडले, पण दरबारात कांदे नकोत म्हणून ती खेप पुसली.

तिसऱ्या खेपेला शेजारच्या पद्मावती गारू आल्या. त्या तेलुगू, वीणा शिकवायच्या, आणि दोन दिवस भिंतीपलीकडून हा प्रकार सोशीत होत्या. दार उघडून त्या थेट रजईपाशी आल्या. "हिम्मतराव गारू, तुम्ही सगळ्यांना किरवाणी सांगता ना? किरवाणी नाही हो! मध्यम ऐका. सिंहेंद्रमध्यमम् आहे!"

"पद्मावती गारू, हळू! मशीन चालू आहे!"

"मशीन चालू असू दे. राग चूक आहे!"

यावर जो वाद झाला तो कॅसेटवर संपूर्ण आहे, आणि पार्श्वसंगीतासकट आहे. चौथ्या खेपेला वीज गेली. सगळ्यांनी गोविंदरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "हां, आज मेंटेनन्स आहे. मी सांगणारच होतो."

पाचव्या खेपेला सगळं जमलं. प्रमिलाबाईंच्या अंगठ्याला फोड आला होता, पण त्यांनी शिपायाला जिन्याखाली नेऊन उभं केलं आणि त्या आणि तो, दोघंही हलले नाहीत. चाल इतकी स्वच्छ उमटत होती की हिम्मतरावांनी डोळे मिटून घेतले, आणि त्यातच घोळ झाला. अडीच मिनिटांवर बटण दाबायचं होतं. वेळ संपत आली की गेम सूचना म्हणून तीच चाल दुप्पट वेगाने वाजवायचा, आणि वेळ संपली की शिपाई 'ट्यँव ट्यँव ट्यँव, टुक' करून मरायचा. हिम्मतरावांनी डोळे उघडले तेव्हा शिपाई मेलेला होता आणि तेही कॅसेटवर आलं होतं.

"पुसून टाका," गोविंदराव म्हणाले. पण पुढचं पुसताना मागचं पुसलं तर? हिम्मतरावांची छाती होईना. आपणच बटणावर बोट ठेवून बसू आणि वेळेवर थांबवू, असं त्यांनी ठरवलं.

बैठकीत त्यांनी तसंच केलं. अडीच मिनिटं सगळे चिडीचूप. विवेकसुद्धा. एकनाथरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. "काय खानदानी चाल आहे हो! कोणाची?"

आता खरं सांगायचं म्हणजे, 'बायको दुपारी टीव्हीवर शिपाई उडवते, त्यातली' असं सांगावं लागणार. समोर विवेक बसलेला. सतरा वर्षांची अब्रू पणाला लागलेली. हिम्मतरावांच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आजोबांची."

झालं! माणूस आयुष्यभर पै पै करून खरेपणा साठवतो आणि एका शब्दात उधळतो. आजोबा, कै. खंडेराव उदगीरकर, निजामाच्या राज्यात तहसीलदार होते. त्यांना सूर कळत असेल तर तो फक्त सारा न भरणाऱ्याच्या रडण्याचा.

सिंथेसायझर बारगळला. पण खोट्याला सरकारदरबारी जावं लागलं. लाउडस्पीकरच्या परवानगीसाठी ठाण्यात जो अर्ज द्यायचा, त्यात वाजणाऱ्या प्रत्येक गाण्यापुढे संगीतकाराचं नाव लागायचं. हिम्मतरावांनी तिथं 'पारंपरिक' लिहिलं होतं. जमादाराने त्या रकान्यावर बोट ठेवून कागद परत सरकवला. "ये नहीं चलता साब. किसी का तो नाम हुइंगा. खाना खाली नक्को छोड़ो, ऊपर के साब सवाल करते." हिम्मतरावांनी आजोबांचं नाव लिहिलं. बैठकीत बोललेलं खोटं त्यांनी एकवेळ पचवलं असतं. पण सरकारी अर्जात, दोन प्रतींत? त्या रात्री ते जेवले नाहीत.

"खरं सांगून टाका," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"वर्धापनदिन होऊ दे. मग सांगतो."

तेवढ्यात एकनाथरावांचा निरोप आला. नाटकाआधी थोर संगीतकार खंडेरावांच्या तसबिरीला हार घालायचा आहे, तसबीर मोठी करून आणा!

घरात आजोबांचा एकच फोटो होता. त्यात ते हातात बंदूक घेऊन मेलेल्या बिबट्याशेजारी बसले होते. हिम्मतराव तो घेऊन अंबरपेठेतल्या फोटो स्टुडिओत गेले. तिथला पेंटर म्हणाला, काळजीच करू नका. आणि खरंच, त्याने बंदुकीचा तंबोरा केला. झकास केला, अगदी खुंट्यांसकट. बिबट्याचं मात्र काही करता येईना. तो तसाच राहिला, पाय वर करून, जणू गाणं ऐकताऐकता गेला.

वर्धापनदिन रविवारी दुपारी चार वाजता. हॉल खचाखच. तसबिरीला हार घातला गेला. बिबट्याबद्दल एका आजींनी चौकशी केली, तेव्हा कोणीतरी परस्पर सांगितलं की खंडेरावांचं गाणं ऐकायला जनावरंसुद्धा येत असत. आणि मग एकनाथरावांनी जाहीर केलं, की थोर संगीतकाराचे नातू आज विंगेत बसणार नाहीत. ते पहिल्या रांगेत, मानाच्या खुर्चीवर बसतील! टेपरेकॉर्डर विवेक सांभाळेल.

हिम्मतराव हात जोडून म्हणाले, "नको हो, मला विंगेतच..." लोकांना तो विनय वाटला. दोघांनी दंड धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. बटण राहिलं विंगेत आणि बोट राहिलं पहिल्या रांगेत.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. राजा गादी सोडून धाकट्या भावाच्या हवाली करतो आणि प्रजेचा निरोप घेतो. चाल सुरू झाली आणि हॉलभर शांतता पसरली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. तालमीत एकनाथरावांचं भाषण सव्वादोन मिनिटांत संपायचं. पण समोर रडणारे लोक बघून कुठला वकील वेळेत थांबलाय? त्यांनी भाषण वाढवलं. अडीच मिनिटं झाली. हिम्मतराव खुर्चीत अर्धे उठले आणि विंगेकडे हातवारे करू लागले. मागच्याने खाली बसवलं. "भावना आवरा, हिम्मतराव."

आणि चाल दुप्पट वेगाने धावायला लागली. एकनाथराव क्षणभर गांगरले, पण नट जातिवंत. तेही दुप्पट वेगाने बोलू लागले. प्रजाजनहो, खजिना घ्या, हत्ती घ्या, घोडे घ्या, राज्य सांभाळा! धाकटा भाऊ दोन्ही हातांनी राज्य झेलत होता. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या पोरांच्यात चुळबुळ झाली. सगळ्यांच्या घरी तो गेम होता. सहावा लेव्हल कोणी बघितला नव्हता, पण वेळ संपतानाची ही घाई साऱ्या पोट्ट्यांना तोंडपाठ होती.

'ट्यँव ट्यँव ट्यँव, टुक!'

"आऊऽऽट!" पन्नास पोरं एका सुरात ओरडली.

विवेक विंगेतून धावत आला. "काका, ही तर व्हिडिओ गेमची ट्यून आहे!"

हिम्मतरावांनी डोळे मिटले. आता धरणी पोटात घेईल तर बरं, पण मलकपेठची धरणी सिमेंटची. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. एकनाथरावांनी मुकुट नीट केला आणि हात वर केला. "शांतता! याचा अर्थ लक्षात येतोय का? आमच्या खंडेरावांची चाल परदेशी कंपनीने उचलली! पेपरात वाचता ना? हळदीचं पेटंट घेतलं, आता आमचे आजोबासुद्धा घेतले! हे नवं धोरण!"

हॉलमध्ये संतापाची लाट उसळली. कोणी 'निषेध' म्हणालं, कोणी 'नोटीस' म्हणालं. नोटीस मी फुकट काढतो, केस थेट दिल्लीपर्यंत लढवतो, असं राजेसाहेबांनी तिथल्या तिथं जाहीर केलं. "हिम्मतराव, वर या. आजोबांच्या तसबिरीवर हात ठेवा आणि सर्वांसमक्ष सांगा, ही चाल त्यांची. बस्स, पुढचं मी बघतो."

हिम्मतराव वर गेले. तसबिरीवर हात ठेवला. समोर चारशे माणसं त्यांच्यासाठी भांडायला तयार उभी होती. एक 'हो' म्हटलं की सतरा वर्षांची अब्रू जन्माची पक्की. बायकांच्या बाजूला त्यांना प्रमिलाबाई दिसल्या. त्यांच्या अंगठ्याला अजून पट्टी होती. हिम्मतरावांना एकदम स्वतःची लाज वाटली.

"आजोबांना गाणं येत नव्हतं," ते म्हणाले. "हा तंबोरा नाही, बंदूक आहे. चाल गेममधलीच आहे. मी खोटं बोललो. सहाव्या लेव्हलची चाल आहे ती, आणि ती सौभाग्यवतींनी काढलीय. पाच खेपा खेळून, जिन्याखाली तीन तीन मिनिटं न हलता उभं राहून. मी नुसता डोळे मिटून बसलो होतो. ते बटणसुद्धा मी वेळेवर दाबलं नाही."

एकनाथरावांचा नोटिशीसाठी वर गेलेला हात तसाच राहिला. हिम्मतराव मनातल्या मनात पेटी माळ्यावर चढवत होते. तेवढ्यात सतरंजीवरून एक आवाज आला. "काकू, तुम्ही सहावा लेव्हल गाठला? पाचव्यातला मगरींचा पूल कसा पार केलात?"

प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या. "पूल पार करायचाच नाही," त्या लाजत म्हणाल्या. "तिसऱ्या मगरीच्या पाठीवर उभं राहायचं. ती आपणहून नेते."

एकच गलका झाला. पन्नास पोरं बायकांच्या बाजूला धावली, त्यांच्यामागे त्यांच्या आया धावल्या, आणि सगळ्यांच्या मागून विवेक. पद्मावती गारू मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या, "राग कुठला ते पण विचारा!" स्टेजवर राजा, आजोबा, बिबट्या आणि हिम्मतराव एवढेच उरले.

एकनाथराव तीस वर्षं कोर्टात उभे राहिलेले. कुठली केस कधी सोडायची हे त्यांना कळत होतं. त्यांनी माइक ओढला. "नोटिशीचा विषय रद्द. नवा ठराव. पुढील वर्षापासून मंडळाचं पार्श्वसंगीत सौ. प्रमिलाताई उदगीरकर यांच्याकडे. सूचक?"

"मी," गर्दीतून विवेक ओरडला.

"अनुमोदक?"

हात वर झाला तो हिम्मतरावांचा. सतरा वर्षांचं काम हातचं जात होतं आणि त्यांना, काय सांगू, इतकं मोकळं वाटत होतं, की हात खालीच येईना.

"अहो, पण मला कोणी विचारलंय का?" प्रमिलाबाई पोरांच्या गराड्यातून म्हणाल्या. त्यांनी थोडा विचार केला. "करीन. पण एक अट. रविवारी दुपारी यांनी माझ्या शेजारी सतरंजीवर बसायचं. चाल ऐकायला नाही. नुसतं बसायला."

हिम्मतरावांनी दुसरा हात वर केला. एकनाथरावांनी त्याची ठराव म्हणून नोंद घेतली, आणि मंडळाच्या इतिवृत्तात तो आजही आहे.